बोर्डावरचा ए

नागपूरच्या महालात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आठ बाय दहाचं. वह्या, रिफिला, ग्राफपेपर, आहेराची पाकिटं, रबरी शिक्के, मागे झेरॉक्सचं मशीन आणि मशीनच्या मागे मी. वरचा बोर्ड १९९४ सालचा. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, तीही इंग्रजीत. त्या काळी इंग्रजी बोर्ड लावला की गिऱ्हाईक 'ए भाऊ' म्हणायचं सोडून 'भाऊसाहेब' म्हणेल असा माझा अंदाज होता. तो चुकला, पण बोर्ड राहिला.

यंदा मे महिन्यात पुण्याची नात आली. सातवीत गेलेली, इंग्रजी माध्यमाची. पहिल्याच सकाळी दुकानासमोर उभं राहून तिनं तर्रीपोहे खाल्ले. "थोडी तर्री कमी घे," असं मी म्हटलं होतं, पण पुण्याचं माणूस सल्ला घेत नाही. तिसऱ्या घासाला तिचे डोळे भरले, तोंड उघडं पडलं, आणि हा-हू करत तिनं मान वर केली. वर बोर्ड होता.

"आबा," डोळे पुसत ती म्हणाली, "तुमचं दुकान हलत नाही का?"

"दुकान कशाला हलेल? तीस वर्षं उलटून गेली, इथंच आहे."

"मग बरोबर आहे. बोर्डावर तेच लिहिलंय."

मग तिनं मला समजावलं. शेवटून तिसरं अक्षर ई पाहिजे, मी ए लावलाय. ई लावली की कागद, पेन, पाकिटं. ए लावला की जागेवरून न हलणारी वस्तू. "आमच्या मिस म्हणतात, एन्व्हलपमधली ई लक्षात ठेवायची."

मी हादरलो. या बोर्डाखालून दोन बँक मॅनेजर रोज जायचे. एक कॉलेजातले प्राध्यापक अठरा वर्षं माझ्याकडूनच उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची सुतळी न्यायचे. कुणाला दिसलं नाही. की दिसलं आणि बोलले नाहीत? दुसरी शक्यता जास्त लागली मनाला.

आता वाचकांना फरक नीट कळावा म्हणून दोन्ही शब्द इथं लिहून दाखवतो. एक, स्टेशनरी. दुसरा, स्टेशनरी. दिसला फरक? नाही ना? इथंच आपला घात झालेला आहे. आपल्या लिपीला कान आहेत, जे ऐकलं ते लिहिलं. इंग्रजीत कानानं ऐकायचं एक आणि डोळ्यानं पाठ करायचं दुसरं.

हे मी जरा ऐटीत सौभाग्यवतीला सांगायला गेलो, तर तेवढ्यात तीच स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, जगात पाणी नाही!"

नात घाबरली. पुण्यात कपात होते हे तिला माहीत होतं, पण जगातच पाणी नाही म्हणजे फार झालं. मी तिला टेबलावरचा प्लास्टिकचा जग दाखवला. तो जग वेगळा, ते जग वेगळं. ज चा उच्चार वेगळा, पण कागदावर दोघंही जुळे भाऊ. मग माझी ऐट थोडी कमी झाली. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे मी. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क आपणही आयुष्यभर गमावलेले आहेत, तेव्हा इंग्रजाला फार हसण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी सर आले. सर म्हणजे निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. रोज सहाला येतात, एक रिफिल घेतात, तीन पेपर फुकट वाचतात. मी त्यांना खडसावूनच विचारलं, "सर, बोर्ड चुकीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि तसं पाहिलं तर चूकही नाही फार मोठी." सरांनी पेपरची घडी केली. सरांनी घडी केली की तास सुरू. "मध्ययुगात युरोपात पुस्तकं विकणारे बहुतेक फिरते असत. गाठोडं पाठीवर घेऊन गावोगाव. काही जण मात्र एका जागी, विशेषतः विद्यापीठाजवळ, ठाण मांडून बसत. त्यांना लॅटिनमध्ये नाव पडलं, एका जागी उभा राहिलेला. तोच इंग्रजीतला स्टेशनर. त्याच्याकडे मिळतं ते सामान म्हणजे स्टेशनरी. मूळ धातूचा अर्थ उभं राहणं. आपला स्था त्याचाच नातेवाईक. स्थान, स्थिर, संस्था, ठाणं, सगळं त्याच घरातलं."

"म्हणजे मी ठिय्यावाला."

"अगदी बरोबर."

माझी छाती दोन इंच फुगली. तीस वर्षं मी न हलता एका जागी बसून पाकिटं विकतोय. युरोपात असतो तर याच गोष्टीचं नाव झालं असतं. नातीकडे मी अशा नजरेनं पाहिलं की बघ, लॅटिन आपल्या बाजूला आहे.

"परीक्षेत लॅटिन चालत नाही आबा," ती म्हणाली. "मार्क कापतात."

पेंटरला बोलावलं. त्यानं खाली उभं राहून, हात कपाळावर आडवा धरून बोर्ड पाहिला. हा बोर्ड त्याच्याच वडिलांनी रंगवलेला.

"काय चुकलं भाऊ याच्यात? मस्त तर हाय."

"ए च्या जागी ई पाहिजे."

"एका अक्षरासाठी शिडी कोन आनन? मजुरी तेवढीच लागते. पुरा बोर्डच करून घ्या ना. नाही तं फ्लेक्स मारा."

"मला एकच अक्षर पाहिजे."

"होते ना बाप्पा. उद्या येतो."

हा उद्या कधी उजाडला ते पुढे येईलच. मधल्या काळात नातीच्या अंगात तपासनीस शिरला. स्कूटरवर मागे बसून महालातून बर्डीपर्यंत जाताना ती सगळ्या पाट्या वाचायची आणि माझ्या पाठीवर बोटानं टिचकी मारायची. एक चूक, एक टिचकी. बर्डी येईपर्यंत पाठ सुजायची.

सगळ्यात जोरात टिचकी बसली ती कूलरच्या दुकानापाशी. मे महिन्यात नागपुरात दोनच धंदे चालतात, उसाचा रस आणि कूलर. पारा पंचेचाळिसावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फुटपाथवर मोठाले पत्र्याचे कूलर ओळीनं मांडलेले, त्यांना नवी वाळ्याची ताटी बसवणं चाललेलं. वर फ्लेक्स. डेझर्ट कूलर. एस मात्र दोन.

"आबा, हा गोडाचा कूलर आहे!"

एक एस म्हणजे वाळवंट, दोन एस म्हणजे जेवणानंतरचं गोड. वाळवंटातली कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढली की गार होते, त्या हवेचा हा कूलर. दोन एस लावून त्यांनी त्यात श्रीखंड ठेवायची सोय केली होती. मी दुकानदाराला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "दोन एस हायेत ना, म्हंजे डबल कूलिंग." यावर काय बोलणार.

सरांनी संध्याकाळी याचीही उकल केली. वाळवंटाचा शब्द लॅटिनमधून आला, अर्थ टाकून दिलेलं, सोडून गेलेलं. गोडाचा शब्द फ्रेंच, अर्थ वाढलेलं आवरणं. जेवणं झाली, ताटं-वाट्या उचलल्या, मग टेबलावर जे येतं ते डेझर्ट.

हे ऐकून सौभाग्यवती चहाचे कप घेऊन मध्येच थांबली. "पानं उचलल्यावर गोड?"

"त्यांच्यात तसंच असतं," सर म्हणाले.

"मग खायचं कशावर? हातावर?" तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे गोडाला पानात उजव्या हाताला हक्काची जागा. जिलबी ऐन पंगतीत येते, मठ्ठ्याबरोबर, आग्रह होतो, पैजा लागतात. पानं उचलल्यावर मिळतो तो विडा, आणि बाहेर पडताना चपला हरवल्याची बातमी. गोड शेवटी आणणाऱ्यांनी आयुष्यात एकदाही पोटभर जिलबी खाल्लेली नसणार, असा निकाल तिनं दिला आणि कप ठेवून गेली.

सर हळूच म्हणाले, "तिसराही एक आहे. स्पेलिंग वाळवंटाचं, एकच एस, उच्चार गोडाचा, आणि अर्थ ज्याची जशी लायकी तसं त्याला मिळालेलं फळ." मी ते सौभाग्यवतीला सांगितलं नाही. घरात कूलर एकच आहे.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी. तिचा बोर्डही त्याच पेंटरच्या वडिलांचा, त्यामुळे तिथं 'फ्लॉवर मिल' आहे हे सांगायला नको. नातीनं गिरणीवाल्याला जाऊन विचारलं, "काका, इथे फुलं दळतात?"

"आन ना पोट्टे, फुलकोबी बी दळून देतो."

पण इथेही सर गिरणीवाल्याच्याच बाजूनं निघाले. इंग्रजीत पीठ आणि फूल हा मुळात एकच शब्द. धान्य दळलं की त्यातला सगळ्यात बारीक, निवडक भाग म्हणजे त्या दळणाचं फूल. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सननं एवढा मोठा कोश केला, त्यातही पिठाला वेगळी जागा दिली नव्हती. गिरणीवाल्यानं हे शांतपणे, पापण्यांवरचं पीठ झटकत ऐकून घेतलं. "म्हंजे माह्या बोर्ड जुन्या पद्धतीचा हाय म्हना ना," म्हणाला आणि पट्टा चढवला. तेव्हापासून तो माझ्या बोर्डाकडे बघून हसतो. त्याच्या पाठीशी जॉन्सन आहे, माझ्या पाठीशी नुसतं मध्ययुग.

दुकानातल्या मालाकडे नातीचं लक्ष जाऊ नये अशी माझी इच्छा होती, पण ती दुपारी गल्ल्यावर बसायची. आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा तिनं काढला. वर सोनेरी अक्षरात 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स'. कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. तिनं सांगितलं की मध्ये आय पाहिजे, इथे ई आहे. आयवाला शब्द म्हणजे कौतुक, शुभेच्छा. ईवाला म्हणजे पूरक, भर घालणारा. आणि असली चारशे पाकिटं माझ्या फळीवर होती, ऐन लग्नसराईत.

सर म्हणाले, दोन्हीचं मूळ एकच, लॅटिनमधलं भरणे. मग मला उगाच वाईट वाटेनासं झालं. आहेराच्या पाकिटावर शुभेच्छा कोण वाचतं? भर किती घातली तेच बघतात. उलट ईवालं पाकीटच जास्त खरं बोलतं. चारशेच्या चारशे गेली. एकही परत आलं नाही.

रबरी शिक्क्यांची गोष्ट मात्र मी तिच्यापासून लपवली. तुम्हाला सांगतो. फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का मी करून दिला होता. 'प्रिन्सिपल'. शेवटी ए एल पाहिजे होतं, मी एल ई केलं. म्हणजे सहीखाली पद न येता नुसतं 'तत्त्व' आलं. दोन वर्षं त्या शाळेतून पोरं तत्त्वाच्या सहीनं दाखले घेऊन बाहेर पडली. पुढे एका चाणाक्ष पालकानं बोट ठेवलं आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. जे बोलले ते इंग्रजीत नव्हतं, त्यामुळे सगळं समजलं. दोन्ही शब्द 'पहिला' या एकाच अर्थातून निघालेत, हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान वाद तरी घालता आला असता. ए एलवाल्याचा आणखी एक अर्थ मुद्दल. हे मला दुकानदार म्हणून फार पटलं. उधारीत आधी एक प्रिन्सिपल जातं आणि मग दुसरं लिहून गल्ल्यावर चिकटवावं लागतं. आज रोख, उद्या उधार.

रात्री गच्चीवर अंथरुणं घातली की नात अंधारातही थांबायची नाही. "आबा, नाईट दोन असतात. एक रात्र आणि एक घोड्यावरचा सरदार. सरदाराच्या पुढे के असतो, पण तो बोलायचा नाही."

"मग लावायचा कशाला?"

याचं उत्तर तिच्या मिसनी दिलं नव्हतं. सरांकडे होतं. तो के पूर्वी खरोखर उच्चारत असत. पुढे जिभेनं सोडला, लेखणीनं सोडला नाही. आणि त्या शब्दाचा जुना अर्थ सरदार नव्हताच. मुलगा, हाताखालचा पोऱ्या. थोडक्यात, पोट्टं. राजाच्या पदरी राहून राहून पोट्ट्याचा सरदार झाला. हे मला काही नवं नाही. आमच्या वॉर्डात असे तीन-चार आहेत. रात्रीवाला शब्द मात्र खानदानी, आपल्या श्रावणातल्या नक्ताचा चुलतभाऊ. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं, ते नक्त.

एकदाच काय ती माझी सरशी झाली. तिला मुंगसाचं अनेकवचन विचारलं होतं शाळेत. इंग्रजीत बदकाच्या जातीतला तो गूस, त्याचं अनेकवचन गीस. तिनं त्याच हिशोबानं मुंगसाचंही 'मंगीस' करून टाकलं आणि मार्क गेले. मी म्हटलं, अगं, तो शब्द इंग्रजीनं आपल्या मराठीतून उचललाय. मुंगूसच तो. त्याचा आणि त्या गूसचा काडीचा संबंध नाही. आपल्या परसातलं जनावर, आणि आपल्यालाच मार्क कापतात! तिनं कोशात पडताळून पाहिलं, कारण माझ्या शब्दाला आता घरात किंमत राहिली नव्हती. निघालं खरं. त्या दिवशी पाठीवर टिचकी पडली नाही.

जूनमध्ये ती पुण्याला गेली. पेंटरचा उद्या काही आला नाही. जूनमध्ये पाऊस होता, जुलैत ब्रश नव्हता, ऑगस्टमध्ये मारबत आणि पोळा, मग गणपती, मग दिवाळी. डिसेंबर उजाडला आणि सरकार नागपुरात आलं.

१९५३च्या नागपूर करारात ठरलं म्हणून हिवाळ्यात सरकार आमच्याकडे येतं, आणि त्याच सुमारास आंबिया बहाराची संत्रीही उतरतात. विधानभवनाच्या बाजूनं गेलो तर बंदोबस्त. दर दहा पावलांवर बंदूकधारी संत्री उभा, आणि त्याच्यासमोर हातगाडीवर संत्री रचून ठेवलेली. मी स्कूटर थांबवली. इतके दिवस इंग्रजीला नावं ठेवत होतो, आणि माझ्याच गावात एकच शब्द एका हातात बंदूक घेऊन उभा होता आणि दुसऱ्या हातगाडीवर डझनानं विकला जात होता.

संध्याकाळी सरांना सांगितलं. सर असे खुलले की त्यांनी त्या दिवशी दोन रिफिली घेतल्या.

"पहारेकरी संत्री इंग्रजीतल्या सेंट्रीवरून आला. फळ संत्रं पोर्तुगालातल्या सिंत्रा गावावरून, असं कोशकार मानतात. लिस्बनजवळ आहे ते. आणि इंग्रजीतलं ऑरेंज कुठून गेलं? आपल्या नारंगावरून. फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच अशा मजला मारताना वाटेत पुढचा न गळून पडला."

"म्हणजे आपण त्यांना नारंग दिलं आणि त्यांच्याकडून संत्रं घेतलं."

"थांबा, खरी गंमत पुढे आहे. नागपूरचं संत्रं शास्त्रीयदृष्ट्या मँडरिन जातीचं. हा मँडरिन शब्द पोर्तुगीजांनी चीनमधल्या बड्या अधिकाऱ्यांसाठी वापरला. त्यांनी तो घेतला मलायकडून. आणि मलायमध्ये तो गेला," सर थांबले, घडी उलगडली, पुन्हा घातली, "संस्कृतातून. मूळ शब्द मंत्री."

गिरणीवाला पट्टा थांबवून ऐकत होता. "म्हंजे सर, संत्रीच मंत्री हाय?"

"शब्दानं हो."

"आन दोन्ही डिसेंबरातच येते."

"हो."

"आन सोलायले कोन लागते मंग?"

सर पहिल्यांदाच निरुत्तर झालेले मी पाहिले.

अधिवेशन संपलं, स्वागताचे फलक उतरले आणि पेंटर मोकळा झाला. एका सकाळी शिडी घेऊन हजर. दहा मिनिटांत ए खरवडला, ई काढली. तांब्याभर पाणी प्यायला, पैसे घेतले, गेला. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. तीस वर्षांच्या उन्हानं सगळी अक्षरं विटून गुलाबी पडलेली, आणि मधोमध ती ई लालभडक, नव्या नवरीसारखी. अर्ध्या गल्लीतून फक्त ई दिसत होती.

पहिलं गिऱ्हाईक दहा वाजता आलं. "भाऊ, बोर्ड चुकला ना तुमचा. तिथं ए पाहिजे. स्टेशनमध्ये ए असते." बारापर्यंत चौघांनी सांगितलं. दुपारी सुतळीवाले प्राध्यापक आले. अठरा वर्षं खालून जाणारा माणूस. चष्मा वर करून त्यांनी बोर्ड पाहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पेंटरचे पैसे देऊ नका." गिरणीवाला नुसता हसत होता. तीस वर्षं ज्या बोर्डावर कुणाची नजर ठरली नाही, तो बरोबर झाल्याबरोबर सगळ्या महालाचं इंग्रजी जागं झालं.

मी फोटो काढून नातीला पाठवला. म्हटलं, निदान एक माणूस तरी. पाच मिनिटांत तिचा इंग्रजीतून निरोप आला. बोर्ड क्वाइट गुड आहे म्हणे. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. शेवटी टी आणि मग ई पाहिजे. तिच्या घाईच्या बोटांनी दोघांची जागा बदलली होती. ई आधी, टी नंतर. म्हणजे बरंच चांगलं नाही, तर शांत.

सर शेजारीच बसले होते. मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पेपरची घडी घालायला लागले.

"दोन्हीचं मूळ एकच असेल," मी म्हटलं.

"एकच. स्वस्थ राहणं."

मग मी फोन खिशात टाकला आणि स्वस्थ राहिलो.